नव्या फिश टँकची तयारी : मासे सर्वांत शेवटी

फिश टँकच्या धंद्यात एकाच माणसाचा हात कधी नसतो. काच कापणारा वेगळा, ती सिलिकॉनने जोडणारा वेगळा, खालचा स्टँड करणारा सुतार किंवा वेल्डर वेगळा, झाकण व दिवा बसविणारा वेगळा, आणि मासे-रोपे विकणारा तर आणखी वेगळा. मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलेल्या वाचकांनी या मालाची दुकाने पाहिली असतीलच. आता गिऱ्हाईक नुसती टाकी मागत नाही. आत हिरवी रोपे असलेली, बागेसारखी टाकी मागते. दवाखाना असो, हॉटेल असो की कपड्यांचे शोरूम, असा एक कोपरा हवा असतो. आम्ही कापडाचे व्यापारी. पण गेली काही वर्षे आमच्या पेढीवर अशी एक टाकी आहे आणि तिच्या निमित्ताने या कामातल्या कारागिरांशी आमचे येणे-जाणे झाले. त्यातून जे समजले ते वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण पूर्वी यंत्रमागावर होता. माग बंद पडल्यावर त्याने टाक्या जोडण्याचे हुनर शिकून घेतले. काम सफाईदार, त्याची टाकी गळल्याची तक्रार आम्ही ऐकली नाही. तरीही त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसे. पद्धत अशी होती : सकाळी टाकी बसवायची, दुपारी रोपे लावून पाणी भरायचे, संध्याकाळी बारा मासे सोडायचे आणि हिशेब चुकता करून घरी यायचे. आठ-दहा दिवसांत मासे तरंगू लागत. गिऱ्हाईक आणखी सहा मासे नेई, तेही जात. मग टाकी माळ्यावर चढे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्या पोराचे नाव खराब होई. "चाचा, काच चांगली, पाणी नळाचे, मासे मी स्वतः निवडून दिलेले. मग मरतात कशाने?" असे त्याने आम्हाला विचारले.

उत्तर एका वाक्याचे आहे. टाकी पूर्ण व्हायच्या आधीच त्यात मासे पडत होते. काच, खडी, पाणी, रोपे आणि फिल्टर एवढे झाले म्हणजे टाकी तयार झाली असे दिसते. पण तो मागावरून नुकता उतरलेला कोरा माल आहे. कोऱ्या ताग्यात कांजी असते, ती दिसत नाही. ती काढल्याशिवाय रंग बसत नाही आणि पहिल्या धुण्यात कापड आटते. ते कोरे कापड शिवून 'तयार कपडा' म्हणून विकणाऱ्याला आपण काय म्हणू? टाकीतही न दिसणारे एक काम बाकी असते, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

पाण्यात काय घडते

मासा खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे आणि कुजलेले पानही अमोनियाच देतात. नदी-तलावात पाणी इतके असते की तो विरून जातो. साठ-सत्तर लिटरच्या काचेच्या पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. निसर्गाने त्यावर इलाज ठेवला आहे. काही सूक्ष्म जिवाणू अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात. दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषच आहे. ते रक्तातील प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ निकामी करते, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासा वर येऊन तोंड उघडतो. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि रोपांना तर ते खतच असते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच, पाने अशा पृष्ठभागांना ते चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली ते पहिल्यांदा वेगळे काढून दाखविले. पुढे शंभर वर्षे पुस्तकांत दुसऱ्या पायरीसाठी नायट्रोबॅक्टर हे नाव छापले जात होते; १९९८ मध्ये अमेरिकेत टाक्यांच्या तपासणीत आढळले की ते काम तिथे नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. व्यापाऱ्याला या नावांशी कर्तव्य नाही. त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की हे मजूर पैसे देऊन एका दिवसात आणता येत नाहीत. त्यांना जागा, प्राणवायू, खुराक आणि वेळ द्यावा लागतो.

रोपे या कामात दुसरा हात लावतात. बहुतेक पाणवनस्पती अमोनिया सरळ शोषून घेतात, आणि नायट्रेटपेक्षा तोच त्यांना अधिक आवडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर आणि लवकर वाढणारी रोपे लावलेली टाकी नुसत्या खडीच्या टाकीपेक्षा सुरक्षित असते. ही गोष्ट नवी नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवून हाच मेळ तपासला. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या आणि ते निवळले. आज जगभर नावाजलेली बागेसारखी टाकी जपानच्या ताकाशी अमानो यांनी लोकप्रिय केली. ते २०१५ मध्ये वारले. साधी माती खाली घालून कमी खर्चात टाकी करण्याची रीत अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडली. आपल्या कारागिरांना ही दुसरी रीत अधिक परवडेल असे आमचे मत आहे.

टाकी, जागा आणि वीज

उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी घेऊ. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे ही ७० लिटरची झाली. खडी घालून आणि वरची दोन बोटे सोडून खरे पाणी ५५-६० लिटर. काच, खडी, पाणी धरून वजन शंभर किलोच्या आसपास जाते. ते टीपॉयवर किंवा कपाटाच्या फळीवर ठेवण्याची चीज नाही. स्टँड पाणसळ लावून तपासावा आणि काचेखाली थर्मोकोलची शीट अंथरावी. या मापाला ६ मिलिमीटर काच चालते. सिलिकॉन बुरशीरोधक, म्हणजे बाथरूमचे, घेऊ नये. त्यातले औषध माशांना मारते. टाकीचे साधे सिलिकॉन वाळताना सिरक्यासारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर तरी, टाकी पडू द्यावी आणि मग पाणी भरून एक दिवस-रात्र गळती पाहावी.

टाकी उन्हात ठेवू नये, खिडकीसमोरही नको. आणि कापडवाल्यांना आमची खास सूचना : ताग्यांच्या रॅकला लागून टाकी नको. रोज थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि ती दमट हवा पांढऱ्या मालावर बुरशीचे डाग पाडते.

दुकानदारांची टाकी बिघडण्याचे एक कारण घरच्या टाक्यांत सहसा आढळत नाही. रात्री शटर ओढताना आपण मेन स्विच बंद करतो. फिल्टर दहा-बारा तास थांबतो, स्पंजात अडकलेल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात, आणि सकाळी स्विच लावला की तीच सडलेली घाण टाकीत फेकली जाते. टाकी सहा महिन्यांची असली तरी ती रोज सकाळी पुन्हा नवी होते. म्हणून टाकीसाठी मेनच्या आधीची वेगळी लाइन इलेक्ट्रिशियनकडून घ्यावी आणि तिला गळती झाली तर आपोआप तुटणारा स्विच बसवावा. प्लगकडे जाणारी वायर एकदा खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोक्यावरून खाली टपकेल, सॉकेटात शिरणार नाही. कापडाच्या दुकानात ही काळजी न घेता टाकी ठेवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप जवळ असावा.

खडी, माती, पाणी

तळाला एक ते दीड इंच माती. बागेतली साधी माती चालते. रासायनिक खत, कीटकनाशक किंवा ताजे शेणखत मिसळलेली नको. ती चाळून मुळ्या, काड्या काढाव्यात. तिच्यावर दीड ते दोन इंच बारीक खडी, दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे माती वर येत नाही. पुढे उतार, मागे उंची ठेवली की टाकी खोल दिसते. खडी बादलीत घालून हाताने घुसळून धुवावी, पाणी निवळ येईपर्यंत. साबण, डिटर्जंट यांचा हातही नको.

खडी घेण्याआधी दोन परीक्षा कराव्यात. पहिली, चमचाभर खडीवर सिरका किंवा लिंबू पिळावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. ती पाणी जड करील. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले, प्रवाळ यांचे हेच आहे. दुसरी परीक्षा आमच्या धंद्यातली. रंगीत खडी विकत घ्यायचीच झाली तर पांढऱ्या मलमलीची चिंधी ओली करून तिच्यावर जोराने घासावी. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे आम्ही असेच पाहतो. चिंधीवर रंग उतरला तर तोच रंग उद्या पाण्यात उतरणार. आमचे मत विचाराल तर निळी-गुलाबी खडी रोपांच्या टाकीत शोभतही नाही.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे पाणी येते. ते बऱ्यापैकी मऊ असते आणि रोपांना मानवते. मात्र शुद्धीकरण करताना त्यात क्लोरीन घालतात. जंतू मारण्यासाठी घातलेले हे औषध आपल्या कामाच्या जिवाणूंनाही मारते. साधे क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा 'हायपो', ते लगेच मोडून टाकतो. ब्लीच केलेल्या कापडातले क्लोरीन मारायला आमच्या धुलाईच्या कारखान्यांत हेच वापरतात. दुकानात 'अँटिक्लोरीन' नावाने मिळणाऱ्या बाटलीत बहुधा हाच माल असतो. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घ्यावी. ज्यांच्याकडे टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते त्यांचे पाणी जड असते. त्यात रोपे व मासे दोन्ही जड पाण्याला सोसणारे निवडावे, नाहीतर पावसाळ्यात गच्चीचे पहिले काही पाऊस सोडून नंतरचे पाणी मिसळावे.

पाणी ओतताना खडीवर एक बशी ठेवून तिच्यावर बारीक धार धरावी. एवढे केले की खालची माती उसळत नाही.

रोपे

रोपांत काटकसर करू नये. टाकीचा निम्म्याहून अधिक तळ पहिल्याच दिवशी झाकला गेला पाहिजे. नवख्याने व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, लिम्नोफिला, हॉर्नवर्ट ही लवकर वाढणारी रोपे मागे आणि बाजूला लावावी. हायग्रोफिलाची एक जात तर मूळ आपल्याच देशातली. अमेझॉन स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरिन सावकाश वाढतात; ती मध्ये. दुकानातून आणलेल्या रोपाला बांधलेली शिशाची पट्टी, कुंडीतला कापसासारखा दगडी लोकरीचा गोळा हे सगळे सोडवून टाकावे. गोगलगायींची अंडी आणि किडे जाण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावे.

जावा फर्न आणि अन्यूबियास यांचे आडवे खोड खडीत पुरू नये, पुरले की कुजते. ते लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधतात. दोरा सुती हवा. सुती दोरा काही आठवड्यांत पाण्यात कुजून गळून पडतो आणि तोवर रोपाची मुळे लाकडाला पकडतात. बाजारात शिवणाचा म्हणून मिळणारा दोरा बहुतेक पॉलिएस्टर असतो. तो वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि खोडात रुततो. ओळखायचे सोपे आहे : टोक जाळून पाहा. सुती दोऱ्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

लावल्यानंतर दहा-पंधरा दिवसांत पाने गळू लागतात, क्रिप्टोकोरिन तर काही वेळा पार विरघळल्यासारखे होते. गिऱ्हाईक इथे घाबरते आणि दुकानदाराशी भांडते. पुष्कळ रोपे नर्सरीत पाण्याबाहेर वाढविलेली असतात. ती हवेतली पाने टाकून पाण्यातली नवी पाने काढतात. मूळ घट्ट असेल तर रोप उपटू नये. सडलेली पाने तेवढी कात्रीने कापून बाहेर काढावी, कारण तीच अमोनिया वाढवतात.

दिवा पहिले तीन-चार आठवडे रोज सहा तास, पुढे फार तर आठ. रोपे अजून रुजलेली नसताना दिवा जास्त जळला तर तो प्रकाश शेवाळ खाते. शोरूमवाले सकाळी दहा ते रात्री दहा दिवा चालू ठेवतात आणि मग काच हिरवी झाली म्हणून कारागिराला बोलावतात. टायमर लावून द्यावा, तंटा मिटतो.

सहा आठवडे

आता मुख्य काम. फिल्टर पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालू. स्पंजाचा साधा फिल्टरही पुरे. त्यात घालण्यासाठी रजई-उशीत भरतात ते पांढरे पॉलिएस्टर फायबर चालते. मात्र कोरे, कोणतेही औषध किंवा सुगंध न लावलेले. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला विरजण लावावे तसे हे आहे, आणि याने दिवस निम्मेही होऊ शकतात. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात. त्यांतले काही काम करतात, काही करत नाहीत. त्यांच्या भरवशावर तारीख देऊ नये.

जिवाणूंना खुराक हवा. माती घातली असेल तर पहिले काही आठवडे तीच अमोनिया सोडते. वेगळे काही घालावे लागत नाही, उलट पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदलावे लागते. नुसत्या खडीची टाकी असेल तर अमोनियम क्लोराइड वापरावे. उर्दू शाळेत आम्ही ज्याला नौशादर म्हणत होतो तो हाच मराठीतला नवसागर. भांड्यांना कल्हई लावणाऱ्या कारागिरांच्या हातात तो रोज असायचा. कल्हईचा माल मात्र शुद्ध नसतो; केमिस्टकडचा शुद्ध घ्यावा. ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. अर्ध्या ग्रॅमच्या आतले वजन किराणा काट्यावर होत नाही, सोनाराकडे करून घ्यावे. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, अडतेच.

पाणी तपासायला थेंबांचे टेस्ट किट हवे : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. कारागिराने एक किट स्वतःच्या झोळीत ठेवले तर अनेक गिऱ्हाइकांना पुरते. नळीतल्या पाण्याचा रंग कार्डाशी जुळवायचा असतो, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. दुकानातल्या दिव्याखाली जुळणारी छटा बाहेर जुळत नाही. आम्ही दोन ताग्यांची शेड कधी ट्यूबलाइटखाली पास करीत नाही. नळी दिवसाच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरावी.

साधारण क्रम असा दिसतो. पहिल्या आठवड्यात अमोनिया. याच सुमारास पाणी दुधाळ होते. ते आपोआप निवळते, टाकी रिकामी करू नये. नव्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो आणि पाण्याला चहाचा रंग चढतो, दोन्ही निरुपद्रवी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड बसते, ती बोटाने पुसली जाते. मग नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. रोपे भरपूर असतील तर नायट्राइट जेमतेम दिसते किंवा दिसतही नाही. आपल्याकडे पाणी २६ ते ३० अंश असल्यामुळे हे काम थंड मुलखापेक्षा लवकर चालते. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर नसेल तर रेंगाळते. मुंबईच्या मऊ पाण्यात एक अडचण येते. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि काम थांबते. तसे दिसले तर तिसरा हिस्सा पाणी बदलावे, पुन्हा चालू होते.

पीएचचा दुसरा संबंध माशाच्या जिवाशी आहे. अमोनियाचा जो भाग विषारी असतो तो २५ अंशांवर पीएच ७ ला एका टक्क्याहूनही कमी असतो आणि पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून किटवर तेवढाच अमोनिया दिसत असतानाही बोअरच्या पाण्यातले मासे आधी मरतात.

टाकी तयार झाल्याची खूण ही : संध्याकाळी २ मिलिग्रॅमचा खुराक घालावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य यावे. असे लागोपाठ दोन-तीन दिवस झाले पाहिजे. मातीच्या टाकीत खुराक न घालता दोन्ही आकडे आठवडाभर शून्य राहावेत आणि रोपांना नवी पाने फुटलेली असावीत. कॅलेंडरवर सहा आठवडे झाले पण आकडा शून्य नाही, तर टाकी तयार नाही. नंतर निम्मे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे. स्पंज धुवायचा झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली धरू नये.

धंद्याचा हिशेब

आमच्या मोहल्ल्यातल्या त्या तरुणाला हे सगळे पटले, पण त्याचा प्रश्न सरळ होता : "चाचा, गिऱ्हाईक मासे बघायला टाकी घेते. सहा आठवडे रिकामी ठेव म्हटले तर ते दुसऱ्या दुकानात जाईल." काही जण जातात, हे खरे आहे. त्याने आता असे ठेवले आहे. टाकी, माती, रोपे, फिल्टर यांचे पैसे पहिल्या दिवशी पूर्ण घेतो. माशांची चिठ्ठी वेगळी लिहून देतो : इतके मासे, अमुक तारखेनंतर, पाणी तपासून. मधल्या दिवसांत तीन चकरा मारतो. पाणी बदलतो, सडकी पाने काढतो, किट लावून आकडा गिऱ्हाइकासमोर चिठ्ठीच्या मागे लिहितो. या चकरांची मजुरी तो आधीच सांगून घेतो. कोणी म्हटले की मला आजच मासे हवेत, तर मासे तो विकत नाही. त्याचा एका दिवसाचा गल्ला त्यामुळे कमी झाला आहे. पण चकरा मारताना ओळख होते, रोपे छाटलेली विकली जातात, देखभालीचे महिन्याचे काम मिळते, आणि मेलेल्या माशांवरून भांडायला कोणी दारात येत नाही. मालातला ऐब माहीत असताना तो न सांगता विकणे आपल्याकडे जायज धरलेले नाही. अर्धवट टाकीत विकलेला मासा त्याच हिशेबात बसतो असे आम्ही त्याला सांगितले, आणि त्यावर त्याने वाद घातला नाही.

छाटलेली रोपे, जास्त झालेले मासे किंवा गोगलगायी तलावात, विहिरीत, नाल्यात टाकू नयेत, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. जलपर्णी अशीच शोभेसाठी आणलेली होती. आज तिने तलाव भरले आहेत. छाटणी उन्हात सुकवून कुंडीत घालावी.

मासे आणण्याचा दिवस

पहिल्या खेपेला पाच-सहा लहान मासेच. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे दोन्ही मूळ आपल्या नद्या-ओढ्यांतले, काटक आहेत. गोल्डफिश रोपे खातो आणि उपटतो. त्याची टाकी वेगळी असावी. पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये, त्यातून रोग येतो. त्या दिवशी दिवा बंद, खाणेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे, दिवसातून एकदा. दुकानात नोकर, मालक आणि गिऱ्हाईक तिघेही चिमूट टाकतात, म्हणून डबा एकाच्याच ताब्यात असावा. पहिला आठवडा दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट पाहावे. आकडा दिसला तर चौथाई पाणी बदलावे, खाणे एक दिवस थांबवावे आणि पुढच्या सहा माशांची तारीख आठ दिवस पुढे ढकलावी.